ओठाला भोक नसलेला जिताडा

डोंबिवलीला लोक लग्नाला जातात, मुंजीला जातात, फार तर नातवंडं सांभाळायला जातात. मी तिथे मासे धरायला चाललोय असं सांगितल्यावर सांगलीत कुणाचा विश्वास बसला नाही. बसायला नकोच होता, कारण ते निम्मंच खरं होतं.

माझी सगळी नोकरी वीजचोरी पकडणाऱ्या पथकात गेली. दार उघडताच घरमालक फार आपुलकीने चहा विचारायला लागला की मी आधी मीटरकडे बघायचो. निवृत्त झालो, पण ती नजर काही निवृत्त झाली नाही. वेळ जावा म्हणून धरणाच्या पाण्यात मरळ धरायला लागलो, तेही ल्युअरने. ल्युअर म्हणजे रबराचा, लाकडाचा नाहीतर प्लास्टिकचा खोटा मासा. गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही, निव्वळ फसवणूक. जन्मभर दुसऱ्यांची फसवणूक पकडलेल्या माणसाला स्वतः ती करताना जरा जास्तच मजा येते.

माझा धाकटा भाऊ नंदू वीसेक वर्षं डोंबिवलीत आहे. हा नाद त्यालाही माझ्याकडूनच लागला. दर रविवारी तो खाडीवर जातो आणि अधूनमधून जिताडा आणतो. जिताडा हा खाडीतल्या माशांचा राजा. त्याचे फोटो घरच्या ग्रुपवर आले की मी अंगठा दाखवून गप्प बसायचो. मनात मात्र यायचं, एवढे कसे मिळतात याला?

मग एका दुपारी त्याच्या बायकोचा फोन आला. सुजाता देवगडची. माशाच्या बाबतीत तिला कुणी काही शिकवू शकत नाही.

"भाऊजी, एक विचारू? गळाने धरलेल्या माशाच्या ओठाला भोक पडतं ना?"

"पडतंच. का गं?"

"हा आणतो त्या माशांना नसतं. मी गेलं वर्षभर बघतेय. एकालाही नाही."

मी खुर्चीत सरळ बसलो.

"म्हणजे मासा बाजारातला आहे," ती म्हणाली. "मग रविवारी पहाटेपासून हा असतो कुठे? शेजारच्यांनी एकदा दिवा स्टेशनवर बघितलं याला. मी विचारलं तर म्हणे, तुला काय करायचंय. भाऊजी, जे असेल ते मला कळू दे. मग काय करायचं ते मी ठरवेन. पण दर रविवारी त्याची चप्पल, त्याचा शर्ट बघत बसणं मला आता होत नाही. असंच चालू राहिलं तर मी मनालीला घेऊन आईकडे जाईन."

मनाली त्यांची मुलगी, बारावीला आहे. सुजाता रडत नव्हती. रडली असती तर मला एवढी काळजी वाटली नसती.

शुक्रवार, डोंबिवली

मी न सांगता गेलो. पथकाची सवय. नंदूने दार उघडलं आणि माझ्या हातातला रॉड बघून त्याचा चेहरा पडला. भाऊ आल्याचा आनंद त्यामागून आला, पण मागून आला, हे मी टिपलं.

"दादा, तू? अरे, फोन तरी करायचास."

"तुझा जिताडा बघायला आलोय. रविवारी मीही येतो."

"बघू ना. पाणी कसं असेल काय सांगता येत नाही."

"जातोस कुठे तू?"

"खाडीवर."

"खाडीवर कुठे?"

"अरे, आहे एक जागा," असं म्हणून तो टॉवेल घेऊन आंघोळीला पळाला.

बाथरूमचा नळ सुरू झाला तसा मी त्याचा ल्युअरचा डबा उघडला. डबा सुरेख लावलेला. गर्द रंगाचे रबरी मासे एका खणात, सोनेरी पाठीचे दुसऱ्यात. मग एकेका ल्युअरचा गळ मी चष्म्याजवळ धरला. गळाच्या टोकाशी एक उलटा काटा असतो. एकदा रुतला की मासा सुटू नये, एवढंच त्याचं काम. नंदूच्या एकूण एक गळाचा तो काटा पकडीने चेपून सपाट केलेला होता.

हे मला मीटरचं सील तोडलेलं सापडावं तसं वाटलं. ज्याला मासा हवा आहे तो काटा कशाला चेपेल? म्हणजे डबा दाखवण्यापुरता. सुजाता स्वयंपाकघराच्या दारात उभीच होती. मी तिला गळ दाखवला आणि हळूच म्हणालो, "हे मासा धरायचे गळ नाहीत."

तिने मान हलवली आणि आत जाऊन भाकरी थापायला घेतली. त्या रात्री जेवायला बांगड्याचं तिरफळं घातलेलं तिखलं होतं. आमच्याकडे जगातल्या प्रत्येक पदार्थात कांदालसूण मसाला पडतो, त्यामुळे तिरफळाचा तो वास मला दरवेळी नवा वाटतो. एरवी मी त्या घरात पोटाला तडस लागेपर्यंत जेवतो. त्या दिवशी दोघं एकमेकांना वाढत होती, पण बोलत माझ्याशी होती. मी एका भाकरीवरच उठलो.

शनिवार, ठाणे

नंदू वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात यंत्राचे सुटे भाग मोजून पास-नापास करतो. शनिवारी त्याला अर्धा दिवस. दुपारी टेंभी नाक्यावर भेटलो आणि तो मला आतल्या गल्लीत एका माडीवरच्या दुकानात घेऊन गेला. त्याने स्वतःहून नेलं, याचाही मला संशय आलाच.

आत दोन गिऱ्हाइकं बोलत होती, ती आम्ही शिरताच गप्प झाली. दुकानदाराने नंदूला विचारलं, "काय, गेल्या आठवड्यात?" नंदू म्हणाला, "ठीक." दुकानदार म्हणाला, "कुठे?" नंदू म्हणाला, "खाडीत." यावर चौघेही समाधानाने हसले, सगळं बोलणं पार पडल्यासारखे. आमच्या कृष्णाकाठी एकाला मरळ लागली की तो पलीकडच्या काठावर ओरडून सांगतो आणि संध्याकाळपर्यंत तिथे जत्रा भरते. इकडे सख्ख्या भावाला जागा सांगत नाहीत. बायकोलाही नाही, हे मला नंतर कळलं. बायकोने एखाद्या मैत्रिणीला सहज सांगितलं आणि तिच्या नवऱ्याला मासेमारीचा नाद असला की जागा गेली, असा त्यांचा हिशोब.

मी हिरवागार रबरी बेडूक उचलला. त्यावर मी आयुष्यात सगळ्यात जास्त मरळ धरल्या आहेत.

"दादा, ठेव तो. इथे नुसता मिरवेल."

"का?"

"बेडूक वरून पळतो. जिताडा खाली दबा धरून बसतो, पुलाच्या खांबाशी नाहीतर तिवरांच्या मुळाशी. आणि खाडीचं पाणी म्हणजे चहा. त्यात त्याला रंग कमी दिसतो, हलणं जास्त कळतं. म्हणून हा घे." त्याने माझ्या हातात एक मळकट काळपट रबरी मासा ठेवला. शेपूट रुंद, डोक्यात शिसं. "पाणी जरा निवळलं तर सोनेरी. बाकी सगळं गिऱ्हाईक पकडायला आहे, मासा नाही."

बोलणं अगदी पटण्यासारखं होतं, आणि फार पटणाऱ्या माणसांनी मला नोकरीत सगळ्यात जास्त दमवलं आहे. मला मासा लागू नये म्हणून हा भिकार ल्युअर गळ्यात मारतोय की काय? मी त्याचं ऐकलं, आणि तो खाली उतरल्यावर गुपचूप एक चंदेरी ल्युअरही घेतला.

रविवार, खाडी

पहाटे रिक्षाने मोठागावला उतरलो आणि नव्या पुलाच्या अलीकडून बांधावरून चालत निघालो. नंदू दर थोड्या वेळाने मागे वळून बघत होता. मला वाटलं, कुणी ओळखीचं भेटेल याची धास्ती. मीही बघत होतो, कोण भेटतंय ते.

उजाडलं तेव्हा समोर खाडी होती. तिला पहिल्यांदा बघणाऱ्याने आधी नाक धरायचं आणि मग डोळे उघडायचे. तिवरांच्या मुळांत प्लॅस्टिकच्या पिशव्या, कुणा देवाची जुनी मखरं, आणि त्याच चिखलावर निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे बोटभर मासे, टुणटुण उड्या मारत होत्या. बगळे पांढरेशुभ्र. इतक्या घाणीत ते स्वच्छ कसे राहतात हाही तपासाचाच विषय आहे. पाणी आधी माझ्या डावीकडे वाहत होतं. मग थबकलं आणि उजवीकडे वाहायला लागलं. ओहोटी लागली होती. आमची नदी जन्मापासून एकाच दिशेला जाते. अशा मत बदलणाऱ्या पाण्यावर माझा काही विश्वास बसेना.

"आता," नंदू म्हणाला. "ओहोटीला बारके मासे मुळांतून बाहेर ओढले जातात. तो तोंडाशी उभा असतो."

मी ल्युअर फेकला आणि सवयीने भराभर रीळ फिरवायला लागलो.

"अरे, पळवतोस कशाला? तळाला जाऊ दे. हां. आता रॉड हातभर उचल, आणि सोड. पडू दे त्याला. उचलताना नाही घेत तो, पडताना घेतो. जखमी मासा कसा, जरा धडपडतो आणि खाली बसतो. तसं."

मी तसं करून बघितलं. दोनदा ल्युअर तिवराच्या मुळांत अडकला, एकदा माझ्याच कॉलरला. चिखलाने डाव्या पायातली चप्पल गिळली आणि परत दिली नाही. नंदू मात्र बदलून गेला होता. घरात खांदे पाडून वावरणारा माणूस इथे पाण्याकडे कान लावून उभा होता. उचलत होता, सोडत होता, थांबत होता. थांबण्यातच त्याचं सगळं कसब होतं. माझी संशयाची भट्टी जरा विझत चालली तेवढ्यात त्याचा रॉड वाकला.

जिताडा पाण्याबाहेर आला तो डोकं झाडतच. चांदीचं अंग, उन्हात गुलाबी चमकणारा डोळा. नंदूने त्याला घाई न करता दमवलं आणि काठाशी आणलं. हातभर तरी असेल. मी पिशवी उघडून धावलो. नंदू चिखलात गुडघ्यावर बसला, हात ओले केले आणि एका झटक्यात गळ काढला. काटा चेपलेला, त्यामुळे तो अलगद निघाला. मग त्याने मासा वाहत्या पाण्यात सरळ धरला. शेपूट एकदा हललं, दुसऱ्यांदा हललं, आणि मासा गेला.

"नंद्या, सुटला की!"

"सोडला," तो म्हणाला.

जिताडा सोडला. आमच्या घरात हे वाक्य कधी कुणी उच्चारलेलं नाही. सुजाताच्या माहेरी तर अशा जावयाला डॉक्टरकडे नेतील. मला त्याच्या डब्यातले ते चेपलेले काटे आठवले आणि माझे कान तापले.

"किती दिवस चाललंय हे?"

"दीड-दोन वर्षं. आधी आणायचो ना, दादा. मग एकदा मोठी मादी लागली, पोटात गाभोळी. घरी सगळ्यांनी बोटं चाटून खाल्ली, मीही खाल्ली. आणि संध्याकाळी मला एकदम वाटलं, झालं, संपली. अख्खं वर्ष जिची वाट बघितली ती एका जेवणात संपली. पुढचा लागला तो सोडून बघितला. त्या आठवड्यात कारखान्यात बसल्या बसल्या वाटायचं, तो आहे. तिथेच खांबाशी आहे. बरं वाटायचं रे. कसं सांगू?"

"आणि घरी येणारा मासा?"

"बाजारातला. रिकाम्या हाताने किती रविवार जाणार? सोडतो म्हटलं तर सासुरवाडीत जन्मभर हसतील. सुजालाही कसं सांगणार, तिचा जीव की प्राण जिताडा."

"आणि दिवा?"

"तिथेही एक जागा आहे," तो म्हणाला, आणि एवढं होऊनही कुठे ते त्याने सांगितलं नाही.

मग मी त्याला भोकाचं सांगितलं. सुजाता वर्षभर बघतेय, माहेरी जायचं बोलतेय, आणि मी मासे धरायला आलेलोच नाही, तेही सांगितलं. तो चिखलातच बसला. म्हणाला, "म्हणजे तिला वाटतंय की माझं बाहेर काही..."

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? सरळ घरी जाऊन खरं सांगितलं असतं. आम्ही दोघं भाऊ बाजारात गेलो. नंदू म्हणाला, आज भोक असलेला मासा नेऊ, तिचा संशय जाईल, मग सावकाश सांगतो. नेहमीच्या कोळणीकडून ताजा जिताडा घेतला आणि मंडईच्या मागे, मी आडोसा धरलेला असताना, त्याने माशाच्या ओठात गळ खुपसून फिरवला. चोऱ्या पकडण्यात हयात घालवलेला मी तिथे पहारा देत होतो.

दुपार

सुजाताने मासा ओट्यावर घेतला, ओठ उलटा करून बघितला. क्षणभर तिचा चेहरा उजळला. तो मला आजही आठवतो. मग तिने खिडकीपाशी नेऊन पुन्हा बघितला.

"हे मेल्यावर पाडलंय," ती म्हणाली. "रक्त साकळलेलं नाही. पांढरं आहे आतून." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊजी, तुम्हीपण?"

नंदूने मग सगळं सांगितलं. चाचरत, उलटसुलट, पण सगळं. मीही मान डोलावत होतो, पण माझ्या साक्षीला आता काय किंमत होती?

"मासा सोडलास त्याचं मला काही नाही," ती अखेर म्हणाली. "सोड नाहीतर डोक्यावर घेऊन नाच. पण वर्षभर तुझं खोटं मी साफ केलं, मीठ-हळद लावली, तळून मनालीच्या ताटात वाढलं. वर तू विचारायचास, कसा झालाय."

नंदू ओट्यावरचा मासा उचलायला गेला, तर तिने हात आडवा घातला.

"आणि आत्ता सांगितलंस तेही खरं कशावरून? उद्या मी येते. जिथे जातोस तिथेच ने मला."

तो मासा कुणी शिजवला नाही. मनालीने अंड्याची पोळी केली आणि आपापल्या वेळेला उभ्यानेच सगळ्यांनी खाल्ली.

सोमवार

नंदूने कारखान्यात रजा टाकली. सुजाताने ऑफिसला कळवलं, साडी वर खोचली आणि आमच्या पुढे चालत राहिली. खाडीचा वास आला तेव्हा तिने नाक धरलं नाही. समुद्राकाठची माणसं.

ओहोटी लागली. नंदू फेकत होता, उचलत होता, सोडत होता, आणि काहीच लागत नव्हतं. त्याचे हात घाईला आले होते. ल्युअर तळाला जायच्या आतच तो ओढून घेत होता. मी मनात म्हणत होतो, थांब लेका, तूच शिकवलंस ना. सुजाता बांधावर बसून पाण्याकडे नाही, त्याच्याकडे बघत होती. आज मासा लागला नाही तर त्याचं कालचं सगळं बोलणं हवेत जाणार होतं, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

एक म्हातारा कोळी होडीतून चालला होता. त्याने सुजाताला बघून होडी जरा जवळ घेतली.

"यो तुमचा मानूस का?" त्याने विचारलं. "येरा हाय यो. जितारा पकरतो न् सोरून देतो. आमी आख्खी रात जाली लावताव, आमाला गावत नाय. याला गावतो तं यो सोरतो." आणि या वेड्याकडे बघून मान हलवत तो निघून गेला.

सुजाता बराच वेळ त्या होडीकडे बघत राहिली. मग नंदूला म्हणाली, "अरे, हळू जरा. घाई कसली आहे?" कालपासून ती त्याच्याशी पहिल्यांदा साध्या आवाजात बोलली होती.

त्याने पुढचा ल्युअर फेकला तो खांबाच्या सावलीत. पडू दिला. थांबला. उचलला, सोडला. आणि पडता पडता दोरी ताठ झाली.

कालच्यापेक्षा लहान होता, पण जिताडाच. नंदूने तो काठाशी आणला, पाण्यातच धरून ठेवला आणि बायकोकडे वर बघितलं.

"तू सांग, काय करू?"

मला वाटलं, आता ही त्याला सोड म्हणणार, नंदूचे डोळे भरून येणार. सुजाता चिखलात उतरली, त्याच्या हातातून मासा घेतला, कल्ल्यात बोट घालून उचलला.

"हा घरी न्यायचा," ती म्हणाली.

नंदूचा चेहरा उतरला. पण त्याने मान डोलावली आणि मी काल उघडलेली पिशवी आज त्याने स्वतः धरली.

दुपारी तिने त्याचं कालवण केलं. पहिला तुकडा नंदूच्या ताटात वाढला आणि तो खाईपर्यंत समोर उभी राहिली. त्याने खाल्ला. सावकाश, काटे काढत, सगळा खाल्ला.

"हा खराखुरा तुझा," सुजाता म्हणाली. "यापुढे सोडायचा तर सोड. पण घरी येऊन सांग मला, सोडला म्हणून. कुठे सोडलास तेही. मी कुणाला सांगायला जात नाही." मग ती आमच्याबरोबर जेवायला बसली आणि दोनदा भात घेतला.

मी सांगलीला परतलो. पुढच्या रविवारी संध्याकाळी राहवेना, म्हणून सुजातालाच फोन लावला. मागे कढईत काहीतरी परतल्याचा आवाज येत होता. विचारलं तर वांगी होती.

"आज दोन लागले म्हणे," ती म्हणाली. "एक मोठा होता. दिव्याच्या जागेवर. दोन्ही सोडले."

"फोटो काढला का त्याने?" मी विचारलं.

"नाही."

"मग दोन होते कशावरून?"

"हा म्हणाला ना," सुजाता म्हणाली. "मग दोन होते."